तेवीस किलो

जाताना बॅग रज्जाकच्या आडतीवर नेली,
तूर तोलायच्या काट्यावर ठेवली.
सव्वीस भरले.
प्रयागनं तिथंच, हमालांसमोर, चेन उघडली,
दोन लुगडी काढली, माझा कोट काढला.
खारोड्या राहिल्या. येसर राहिला.
काळा मसाला तीन पिशव्यांत, एकीत एक.
'थंडी असती म्हणं तिथं,' मी म्हणलं.
'थंडी पोराच्या कोटावर भागंल,
मसाला कुठला त्याच्याकडं?'

ताम्पेरे नावाच्या त्या गावात
जूनमधे संध्याकाळ होत नाही.
रात्री अकराला ऊन खिडकीत बसून असतं,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं.
मी एस.टी.त टाइमकीपर, एकतीस वर्षं.
औरादची मुक्कामी गाडी
अंधारात शिरली की दिवस संपला
एवढंच मला वेळेतलं कळतं.
इथं दिवस मुक्काम करायलाच तयार नाही.
पोटानं भूक कशावरून धरायची?

लोक तळ्याकाठी उन्हात पालथे पडलेले.
आम्ही दोघं झाडाची सावली धरून,
सावली सरकंल तसे सरकत.
सगळ्या तळ्यावर ती जागा मात्र रिकामी होती,
भांडण नाही, रुमाल टाकायची गरज नाही.

पहिल्या रात्री येसराची आमटी केली.
उत्तरेश्वर काही बोलला नाही.
ताट पुसून खाल्लं, मग हात वाळेपर्यंत बसून राहिला,
मग विचारलं,
'स्टँडसमोरचा राईसवाला आहे का हो अजून?
पिवळा भात, कागदावर द्यायचा,
वर लिंबू पिळून?'
आहे की, म्हणलं.
गर्दी असती?
लई.
तिथं दोन वर्षं झाली मोबाइलचं दुकान आहे.
राईसवाला लातूरला गेला, पोराकडं.
पण बॅगेत जागा नव्हती,
आणि वजन न भरणारं
तेवढं एकच होतं माझ्याकडं.

खालच्या मजल्यावर आइला. अठ्ठ्याऐंशीची.
तिचं गाव आठव्या वर्षी
सरहद्दीच्या पलीकडं गेलं,
पीठ मळायची रीत तेवढी अलीकडं आली.
हे उत्तरेश्वरनं आम्हाला सांगितलं.
प्रयागला त्याआधीच कळलं होतं,
कसं ते विचारू नका.
दोघी ओट्याशी उभ्या,
ही मराठीत, ती तिच्यात,
काळं आंबूस पीठ मधे.
प्रयागनं एक गोळा उचलला, थापला,
आइलानं तिचा हात धरून थांबवला:
असं नाही. जाड. मधे भोक.
आयुष्यात कुणी प्रयागची भाकरी दुरुस्त केली नव्हती.
ती हसली. मी घाबरलो होतो.

परत आलो तेव्हा निलंगा भाजत होतं.
माठातलं पाणी प्यालो, अर्धं अंगावर सांडलं.
रज्जाकनं हौसेनं बॅग पुन्हा तोलली:
एकोणीस.
'काय आणलं मालक?'
काळी भाकरी दिली. त्यानं दात लावला,
बाजूला पोत्यावर ठेवली,
'शिळी हाय जी.'
घरी प्रयागनं तिचाच कुस्करा केला,
कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे,
रोज चिमटीभर, पुरवून पुरवून.
परवा डबा उपडा करून म्हणाली,
'आइलाची संपली.'
अगदी तसंच, जसं तिथं म्हणली होती,
येसर संपला.

काल स्टँडवर होतो, सात वाजलेले.
अंधार पडत होता,
एवढ्या लवकर, जसं कुणी घाईत शटर ओढावं.
उत्तरेश्वरचा व्हिडिओ आला.
त्याच्याकडं अजून दुपारच.
'स्टँडवर आहात? दाखवा ना,
राईसवाला दाखवा.'
माझ्या तोंडासमोर मोबाइलचं दुकान,
लखलख दिवे, प्लॅस्टिकची कव्हरं टांगलेली.
मी फोन फिरवला, गाड्यांकडं.
औरादची लागली होती, फलाट तीनला.
म्हणलं, गर्दी आहे रे.
इथून दिसायचा नाही.